शामकलाबाईनं काढलेला महिना

गोंदियाकडच्या चोरखमारा तलावाच्या कालव्यावर ज्यांची शेती होती, त्यांच्यापैकी शामकला शहारेला ओळखत नाही असा माणूस सापडला नसता. चौदा बायांची टोळी घेऊन ती धानाच्या रोवणीला जायची. मालकानं कितीही घाई केली तरी ती आधी मूठभर रोपं उपटून त्यांची मुळं बघायची, बांधीतल्या चिखलात पाय घालून बघायची आणि म्हणायची, "आज नाई जी. परवा येतो." तिचा परवा कुणी मोडत नसे. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण कोणतं काम कोणत्या दिवशी करायचं, यावर तिनं पंचवीस वर्षं पोट भरलं होतं.

२०१२ साली रोवणी आटोपली आणि गावच्या बुद्धविहारातल्या महिला मंडळानं श्रीलंकेला जायचं ठरवलं. अनुराधापूरचा बोधिवृक्ष डोळ्यांनी बघायचा, ही मूळ कल्पना शामकलाचीच. नऊ जणी तयार झाल्या. नागपूरला जाऊन पासपोर्ट झाले. राहिला प्रश्न, जायचं कधी?

गोंदियाहून श्यामलाल नावाचा एजंट आला. त्यानं विहाराच्या सतरंजीवर रंगीत कागद पसरले. निळा समुद्र, माडाची झाडं, वाळूत खुर्च्या.

"दिसंबर में चलो," तो म्हणाला. "पूरी दुनिया दिसंबर में जाती है. बेस्ट सीझन!"

मंडळाच्या अध्यक्ष सुलोचनाबाई लगेच राजी झाल्या. त्यांचा मुलगा संघदीप पुण्यात नोकरीला होता आणि त्याला सुटी डिसेंबरातच मिळायची. आईसोबत तोही येणार होता. मुलाचा हात धरून विमानात बसायचं, हे त्या गावभर सांगत सुटल्या.

शामकलानं कागद उलटसुलट करून पाहिला. "तिथं धान कधी कापतेत जी?"

श्यामलाल हसला. "अम्मा, घूमने जाना है या कटाई करने?"

बायाही हसल्या. शामकला हसली नाही. "ज्या गावी जायचं त्या गावचं पानी-पाऊस समजलं पायजे का नाई? धान कधी कापतेत एवढं कळलं, का बाकी समदं कळते."

श्यामलालनं समुद्राचा आणखी एक कागद पुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी ती एसटीनं गोंदियाला गेली. तिथल्या विहारात एक वयस्कर भंतेजी होते, त्यांनी सहा वर्षं श्रीलंकेत अभ्यास केला होता. वंदन करून तिनं तोच प्रश्न विचारला.

भंतेजींना तो फार आवडला. म्हणाले, "बाई, मला आजवर सगळे हॉटेल आणि जेवण विचारतात. ऐका. त्या देशाला पाऊस दोन बाजूंनी लागतो. कागदावरचा समुद्र दक्षिणेकडचा आहे, तिकडे डिसेंबर चांगला. अनुराधापूरला मात्र आपली दिवाळी आली की पाऊस धरतो, तो पौषापर्यंत. लोक त्याच पाण्यावर धान लावतात. माघ-फाल्गुनात कापणीला येतं. आणि तिथं जुने तलाव आहेत, आपल्याकडच्यासारखेच. पावसानंतर काठोकाठ भरलेले."

परत येताना तिनं एसटीतच महिना काढला. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. तिकडं पाऊस संपलेला, तलाव भरलेले, धान पिकलेलं. इकडं आपलं धान चुरून-मळून घरात आलेलं आणि मोहफुलं वेचायला अजून अवकाश. माघ पौर्णिमाही त्याच आठवड्यात. तिला कुठं खोट दिसेना.

खोट होती ती सुलोचनाबाईंच्या घरात. बैठकीत त्या तडकल्या. "फेब्रुवारीत माह्या पोराले सुटी नाई भेटत. तुमचं धान पाहाले मी एकटी येऊ का?"

"एकटी काऊन? आमी आठ जनी हावोत ना."

"तुमी का पोरगा हाव?"

शामकलानं आवाज चढवला नाही. "बाई, तुमाले पोरासंगं फिराचं असन, तं डिसेंबरात समुद्रावर जा. मी तुमाले अडवत नाई. पन बोधिवृक्ष पाहाचा असन, तं छत्रीखालून कायले पाहाचा? जिंदगीत एकदा जाऊन राहिलो आपुन."

सुलोचनाबाई दोन आठवडे मंडळाकडे फिरकल्या नाहीत. मग एका सकाळी स्वतःच शामकलाच्या अंगणात आल्या, चहा मागितला आणि म्हणाल्या, "समुद्र मंग पाहीन पोरासंगं. लिहून घे माहं नाव. फेब्रुवारी."

डिसेंबरात भंतेजींचा फोन आला. अनुराधापूरकडे पाऊस थांबायला तयार नव्हता, रस्ते पाण्याखाली होते. शामकलानं ते मंडळात फक्त एकदा सांगितलं. तिचा नवरा गुलाब म्हणाला, "आता तं गावभर सांग!" ती म्हणाली, "मले माईतच होतं. सांगाचं का त्यात?"

रेल्वेनं चेन्नई, तिथून विमान. माघ पौर्णिमेच्या सकाळी नऊ जणी पांढऱ्या साड्या नेसून बोधिवृक्षाकडे निघाल्या आणि रस्त्यातच थबकल्या. सगळा रस्ता पांढऱ्या कपड्यांनी भरलेला. भाषा एकीलाही कळत नव्हती. पण माईकवर पालीतलं त्रिसरण, 'बुद्धं सरणं गच्छामि', सुरू झालं आणि शब्द न् शब्द आपलाच निघाला. आभाळ स्वच्छ होतं. पानं हलत होती. शामकला ऐन गर्दीत हात जोडून उभी राहिली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलं नाही.

दुपारी गाईडसोबत त्यांची गाडी एका तलावाच्या पाळीवरून चालली होती. एका अंगाला भरलेलं पाणी, दुसऱ्या अंगाला पिवळं धान आणि त्यात वाकलेल्या बाया. "थांबवा!" शामकला ओरडली. चप्पल हातात घेऊन ती बांधीत उतरली. एका बाईकडे हात पुढे केला, बाईनं हसत विळा दिला. शामकलानं अशी सरसर कापणी धरली की बांधीतल्या बाया काम सोडून बघत राहिल्या. मग एकीनं काहीतरी विचारलं, शामकलानं आपल्या गावाकडच्या झाडीबोलीत उत्तर दिलं आणि दोघींचं छान जमलं.

त्या बायांनी त्यांना जेवायलाच बसवलं. कमळाच्या पानावर लाल तांदळाचा भात आणि झणझणीत फणसाची भाजी. सुलोचनाबाईंनी गाईडला त्याच्या मोबाईलवरून पुण्याला फोन लावायला सांगितलं.

"आई, एकटी घाबरली नाहीस ना?" संघदीपनं विचारलं.

"घाबराले टाइम कोठी हाये?" सुलोचनाबाई तोंडातला घास सांभाळत म्हणाल्या. "तू असता तं तुह्याच मागं मागं फिरली असती मी. ठेव आता, भात थंडा होऊन राहिला."