जेवणाआधीचं मागणं

बायकोला जाऊन दोन महिने होत आले होते आणि माझी आई जेवत नव्हती.

दुःखानं जेवत नसेल, असं चर्चच्या मंडळीतले लोक म्हणायचे. तसं नव्हतं. सून गेल्याचं आईच्या लक्षातच राहत नव्हतं. विसरण्याच्या आजारानं तिची अलीकडची सगळी वर्षं पुसून टाकली होती. ती रोज विचारायची, "ती कुठं गेली?" सुरुवातीचे चार दिवस मी खरं सांगितलं. दर वेळी ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी कोसळायची, आणि तासाभरानं पुन्हा विचारायची. पाचव्या दिवसापासून मी सांगू लागलो, "सोलापूरला गेलीय, दवाखान्यात." हे अगदीच खोटं नव्हतं. ती गेली सोलापूरच्या दवाखान्यातच.

आमच्या उमरग्याच्या घरात सांत्वनाची सभा झाली होती. तीस माणसांसाठी ध्वनिवर्धक लावला होता, त्यामुळे हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्यांचंही सांत्वन झालं असावं. बाहेरगावाहून आलेले वक्ते म्हणाले, देव आपल्या बागेसाठी सगळ्यात सुंदर फूल खुडतो. मी शाळेत मराठी शिकवतो. रूपक दिसलं की तपासून बघायची सवय आहे. आमच्या शाळेच्या बागेत फुलं खुडणाऱ्याला आम्ही ओणवा उभा करतो. त्या दिवसापासून मी रविवारच्या उपासनेला देवळात गेलो नाही. पाळकसाहेब दोनदा येऊन गेले, भले गृहस्थ, दोन्ही वेळा मी त्यांना चहा दिला आणि हवापाण्याबद्दल बोललो.

आई जेवत नव्हती त्याचं कारण वेगळं होतं. आमच्या घरात प्रार्थना केल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. आई तरुणपणी गावोगाव चालत जाऊन बायकांना शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायची. आता शास्त्रातलं काही तिला आठवत नव्हतं, माझं नावही अधूनमधूनच आठवायचं, पण हा नियम तिच्या अंगात उरला होता. समोर ताट आलं की ती हात जोडायची, डोळे मिटायची आणि ओठ घट्ट मिटून वाट बघायची. इतकी वर्षं प्रार्थना सून करायची. मी तेवढा वेळ उघड्या डोळ्यांनी भाजीकडे बघत बसायचो.

"मनातल्या मनात केली मी, आई. जेव."

ओठ मिटलेलेच.

"आमेन," मी म्हणालो.

तिनं एक डोळा उघडला. "आधी मागणं. मग आमेन."

मग मी हजेरी घेतल्याच्या वेगानं 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणून टाकलं. तिनं मान हलवली. "ती म्हणते तसं म्हण."

ती कसं म्हणायची, मला माहीत नव्हतं. वीस वर्षं मी त्या ताटावर होतो.

आधी अर्धं ताट तरी जायचं, आता कधी दोन घास, कधी तेही नाही. घशाखाली उतरलं तर पाणी. डॉक्टर म्हणाले, आठवडाभरात खाणं सुधारलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि ती उपसून काढू नये म्हणून हात बांधावे लागतील. बांधलेले हात. मी पहाटे चादरी धुवायचो, भात शिजवायचो, शाळेत जायचो, येऊन पुन्हा चादरी धुवायचो. एकदा वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो आणि काय लिहायचं होतं ते आठवेना. वाटलं, आईचा आजार लागला तर बरं होईल.

त्याच आठवड्यात शेजारच्या मावशी परत आल्या. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या तीन महिने कर्नाटकात होत्या. मी रजेवर होतो. दुपारी त्या आल्या, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात शेंगदाण्याची चटणी. बायकोसाठी दारातच थोडं रडल्या. मग आईजवळ जाऊन त्यांनी तिचं मनगट चाचपलं.

"सर, आजीचं हे काय करून ठेवलं?"

मी सगळं सांगितलं.

"सरका तिकडं. तुमचं हे तोंड बघून कुणाला भूक लागंल?"

त्यांनी डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि सुरू केलं.

"हे प्रभू बापा, तू दिलेल्या भाकरीबद्दल तुझे लई उपकार. ज्याच्या घरी आज चूल न्हाय पेटली, त्याला दे. सासूबाईंच्या गुडघ्याला आराम दे. शेजारच्या मावशीच्या लेकीला सुखरूप मोकळी कर..." इथं त्या थांबल्या, "ते झालं, पोरगा झाला," असं छताकडे बघून सांगितलं, आणि पुढं गेल्या. "आन् आमच्या ह्यांना तुझ्याशी बोलाय जमत न्हाय. त्यांच्या वाटचं मी मागते. मी नसंन तवा तू त्यांना धर. येशूच्या नावानं, आमेन."

आईनं तोंड उघडलं. मावशींनी तिला दूधभाकरी भरवली.

भिंतीला टेकून मी खाली बसलो. मी विचारलं, "हे तुम्हाला कसं येतं?"

"ह्या भिंतीपल्याड भांडी घासते न्हवं मी. रोज दोन टाइम. पाठ न्हाय व्हायचं?" आईच्या हनुवटीवरचं दूध पुसत त्या म्हणाल्या. "तुमी तर ताटावरच हुता की, सर."

"आणि तुमच्या देवाला चालतं?"

"आमचा महादेव एका आजीच्या जेवणापायी भांडायचा न्हाय."

संध्याकाळी मावशी नव्हत्या. ती प्रार्थना मी वहीत उतरवून घेतली होती, शिक्षक असल्यामुळे. दूधभाकरी कुस्करली, वही उघडली. चूल, गुडघे, सगळं नीट वाचलं. 'त्यांच्या वाटचं मी मागते' इथं आलो आणि पुढं जाता येईना. मागणारी नव्हती. वाटचं तर माझंच होतं.

आई डोळे मिटून थांबली होती.

वही बाजूला ठेवली. "ती नाही आता," मी म्हणालो. कुणाशी ते तेव्हाही मला नीट माहीत होतं. "मला होत नाही. मी फार थकलोय. तू धर." आणखी काही सुचलं नाही. आमेन म्हणायचंही राहिलं.

"आमेन," आई म्हणाली, आणि तोंड उघडलं.

तिनं अर्धी वाटी खाल्ली. मग विचारलं, "ती कुठं गेली?"

सोलापूर ओठांवर आलं होतं. पण आत्ताच ज्याच्यासमोर खरं बोललो होतो, तो अजून खोलीत असावा असं वाटलं. मी खरं सांगितलं. आई रडली. मी तिचे मोकळे हात धरले आणि तिच्याबरोबर रडलो. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

सकाळी ती पुन्हा विचारणार होती. मी भाकरीचं पीठ काढून ठेवलं.