अकरा मीटर

कामिउरा गावच्या तेप्पेईला खोटारडा म्हणणं अन्यायाचं झालं असतं. तो फुगवून सांगायचा, एवढंच. बापाच्या जाळ्यात सापडलेला हातभर मासा तासाभराच्या बसप्रवासात वाढत जायचा आणि शाळेत पोचेपर्यंत सायकलीएवढा व्हायचा. गणितात बत्तीस मार्क पडले, तर ते ‘निम्म्याच्या आसपास’ असायचे. बाकी पोरगा मनाने चांगला. कुणाची छत्री हरवली तर आपली देऊन मोकळा व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी शिंकत शिंकत सांगायचा की वाटेत वादळाने गाठलं.

हायस्कूल मोठ्या गावात होतं, आणि कामिउराहून तिथे येणारा तो एकटाच. एप्रिलमध्ये पहिल्या दिवशी प्रत्येकाला उभं राहून स्वतःबद्दल दोन शब्द सांगायचे होते. पुढच्या बाकावरच्या मोरियाने ज्युडोतलं पदक सांगितलं. मग चिनात्सु उठली. ती जिल्ह्यात पोहण्यात दुसरी आली होती. नंतर तेप्पेईची पाळी. सांगण्यासारखं त्याच्याजवळ काहीच नव्हतं. तो उठला, आणि तोंडून निघून गेलं की आमच्या गावासमोर समुद्रात देवळाचं बेट आहे, तिथवर मी पोहत जातो नि येतो. वर्गाने ‘अरे वा’ म्हटलं. चिनात्सुने मान वळवून पाहिलं. तेप्पेई खाली बसला तेव्हा त्याचे कान गरम झाले होते आणि त्याला फार बरं वाटत होतं.

त्याला पोहता येत नव्हतं. जरासुद्धा नाही.

जूनमध्ये शाळेचा तलाव भरला. दर बुधवारी पाचवा तास पोहण्याचा, आणि दर बुधवारी चौथा तास संपला की तेप्पेई आजारी पडायचा. शाळेच्या दवाखान्याच्या खोलीत मुनाकाता बाई असायच्या. अठ्ठावन्न वर्षांच्या, गोल चष्म्याच्या. पहिल्या बुधवारी त्याने थर्मामीटर पँटवर इतका घासला की पारा शेवटच्या रेघेला टेकला. बाईंनी तो पाहिला आणि झटकला.

“एवढ्या तापात माणूस जगत नाही, तेप्पेई,” त्या म्हणाल्या. “पड जरा. जवाचा चहा देते.”

पुढच्या बुधवारी कान दुखला, त्याच्या पुढच्या बुधवारी पायाला नायटा झाला, मग आजोबांची चिठ्ठी आली, जिच्यातलं अक्षर हुबेहूब तेप्पेईचं होतं. बाई दर वेळी चहा द्यायच्या. विचारायच्या काहीच नाहीत.

जुलैत, सुट्टी लागायच्या आधी, वर्गावर्गांच्या पोहण्याच्या शर्यती असत. रिलेत मोरिया तिसरा होता आणि चिनात्सु शेवटची. तीन दिवस आधी मोरिया सायकलवरून पडला आणि हात गळ्यात बांधून आला. सगळा वर्ग एकदम तेप्पेईकडे वळला. ‘येत नाही’ एवढे दोन शब्द तो बोलला असता तर तिथेच मिटलं असतं. तो म्हणाला, “पंचवीस मीटर? तेवढ्यात तर अंगसुद्धा गरम होत नाही.”

शर्यतीच्या सकाळी तो पोट धरून दवाखान्याकडे धावला. दाराला कुलूप. बाई तलावावर होत्या.

पहिल्या दोघांनी वर्गाला सगळ्यांच्या पुढे आणून ठेवलं. तेप्पेईने नाक धरलं, डोळे मिटले आणि उभ्यानेच उडी टाकली. पाणी छातीला लागलं. तो चालू लागला. हात मात्र पोहल्यासारखे फिरवत होता, पाणी चौफेर उडवत. क्षणभर कुणाला कळेना काय चाललंय. मग अख्खी शाळा हसायला लागली.

मध्यावर तळ खोल होता. पाणी खांद्याला आलं, मग हनुवटीला. तेप्पेई थांबला. बाजूने बाकीच्या वर्गांचे तिसरे गेले, चौथे गेले, शर्यत संपली. तो तिथेच उभा. हसणंही हळूहळू ओसरलं, आणि ते जास्त वाईट होतं. काठावर मुनाकाता बाई लांब बांबू घेऊन उभ्या होत्या. त्या अवस्थेतही तेप्पेईला दिसलं की बांबू थरथरतोय.

पलीकडच्या काठावर चिनात्सु अजून आपल्या जागी होती, सूर मारायच्या बेतात वाकलेली.

“मी थांबलेय,” ती म्हणाली. ओरडली नाही. “ये सावकाश.”

तो आला. टाचा उंचावून, तोंड आभाळाकडे करून, एकेक पाऊल टाकत. त्याचा हात भिंतीला लागताच तिने सूर मारला आणि रिकाम्या तलावात जीव तोडून पोहली. वर्ग बाद झाल्याची शिट्टी वाजवायला शर्यतीचे पंच कुरोसे सरांनी ती तोंडाशी नेली होती. वाजवली नाही.

तेप्पेई वर्गात गेला नाही. ओल्या अंगाने दवाखान्यातल्या पलंगावर जाऊन बसला. बाई आल्या, त्यांनी त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकला. त्याने सुरुवात केली की पायात गोळा आला होता. बाई चहा ओतत राहिल्या. मग तो थांबला.

“बाई, मला पोहता येत नाही,” तो म्हणाला. “सात वर्षांचा असताना धक्क्यावरून पडलो. आजोबांनी शर्टात आकडा अडकवून वर काढलं. तेव्हापासून आंघोळीच्या टाकीतसुद्धा गळ्यापर्यंत बसवत नाही.”

बाई स्टुलावर बसल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

“मलाही येत नाही,” त्या म्हणाल्या. “चौतीस वर्षं तो बांबू घेऊन काठावर उभी राहतेय. दर वेळी देवाला सांगते, आज कुणाला बुडू देऊ नकोस, मला उडी मारावी लागेल.”

शेवटच्या तासाला तो वर्गात गेला आणि कमरेत वाकून त्याने सगळं सांगितलं, बेटासकट. मोरियाला हसू आवरेना. चिनात्सु चिडली. आधी बोलला असतास तर दुसरं कुणी शोधलं असतं, ती म्हणाली. आणि पाणी तुझ्या हनुवटीला लागलं तेव्हा मी तुला काढायला उडी मारणारच होते. दोन दिवस तिने त्याच्याशी अबोला धरला.

सुट्टीत मोठ्या गावातल्या तलावावर दर शनिवारी सकाळी नवशिक्यांचा वर्ग भरे. त्यात नऊ जण होते: सात पहिलीतली पोरं, तेप्पेई आणि मुनाकाता बाई. दोघांची नावं बाईंनीच घातली होती, त्याला न विचारता. पुढचे दात पडलेली एक पोरगी तेप्पेईला बुडबुडे काढायला शिकवायची. “दादा, तू घाबरतोस ना, म्हणून नाकात जातं,” ती सांगायची. बाई दुसऱ्याच शनिवारी तरंगल्या. तेप्पेईने त्यांच्या पाठीखाली हात धरला होता, तो त्याने कधी काढून घेतला ते त्यांना कळलं नाही. त्याला स्वतःला चार शनिवार लागले. वर्ग सुटला की दोघं बसथांब्यावर किसलेला बर्फ खात बसायचे, हिरवं सरबत घातलेला, ओल्या केसांनी.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी तो अकरा मीटर पोहला. शाळा उघडल्यावर त्याने वर्गात तेच सांगितलं, अकरा.

“तू अकरा म्हणतोस म्हणजे पाच असतील, लेका,” मोरिया म्हणाला. सगळे हसले, तेप्पेईही.

चिनात्सुने विचारलं, “एका दमात?”

“नाही. दोनदा श्वास घेतला. एकदा पाणी प्यालो.”

“मग खरं आहे,” ती म्हणाली आणि पुस्तक उघडलं.

नवशिक्यांना शेवटी प्रशस्तिपत्रं मिळाली होती, हसऱ्या डॉल्फिनचं चित्र असलेली. बाईंनी आपलं दवाखान्यात उंची मोजायच्या पट्टीशेजारी लावलं, आणि ताप, खोकला घेऊन येणाऱ्या प्रत्येक पोराला त्या ते दाखवत. तेप्पेईने आपलं चार घड्या घालून दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. कुणालाच दाखवलं नाही.