सोमवारी फिरणाऱ्या बॅटऱ्या

नोकरीत गुन्हे पुष्कळ पाहिले, पण तिसगावच्या रस्त्यावरचा तो सोमवार मी विसरलेलो नाही. ही हकिगत मी लग्नकार्यात सांगितली आहे, मित्रांच्या बैठकीत सांगितली आहे, स्वेच्छानिवृत्तीच्या निरोपसमारंभातही सांगितली आहे. लोक पोट धरून हसतात, टाळ्या देतात. प्रत्येक वेळी मी टेम्पोपाशी येऊन थांबलो. आज पुढचंही लिहिणार आहे.

मी तेव्हा नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं. माझ्या तोंडात अजून नगरच येतं. मार्च महिना होता. एका मोठ्या दूरसंचार कंपनीचा वार्षिक कामगिरीचा कार्यक्रम नगरच्या एका हॉटेलात होता आणि आम्हा काही अधिकाऱ्यांना त्याचं आमंत्रण होतं. व्यासपीठावर भिंतभर पडदा. त्यावर जिल्ह्याचा नकाशा आणि नकाशावर हिरव्या दिव्यांची रास. कंपनीचा जिल्हा व्यवस्थापक तिशीतला, गोरापान, बोलताना पायाच्या चवड्यांवर उभा राहणारा. मला हाताला धरून पडद्यापाशी घेऊन गेला.

"साहेब, हा बघा तुमचा एरिया! पूर्वी प्रत्येक टॉवरला रखवालदार, रजिस्टर, कुलूपकिल्ली. आता सगळं बंद. दर सोमवारी टेक्निशियन टॉवरवर जातो आणि ॲपमधून बॅटऱ्यांचा फोटो काढतो. जुना फोटो चालत नाही, घरबसल्या काढलेला चालत नाही. जागा आणि वेळ ॲप स्वतः टाकतं. बॅटऱ्या पूर्ण दिसल्या की इथे हिरवा दिवा."

"आणि नाही दिसल्या तर?"

"तर लाल. पण हे सुरू झाल्यापासून लाल लागलाच नाही!"

खरं सांगतो, मी भारावलो. आमच्या ठाण्यात लाइट गेली की स्टेशन डायरी लिहायला मेणबत्ती शोधावी लागायची. आणि इथे एक तरुण पोरगा नगरला बसून अख्ख्या जिल्ह्याच्या बॅटऱ्या मोजत होता. वीज गेल्यावर टॉवर याच बॅटऱ्यांवर चालतो; त्या गेल्या की गावचा मोबाईल बंद.

कार्यक्रमाला आठवडाही झाला नसेल, तोच माझ्या हद्दीत चोरीचा गुन्हा दाखल झाला. एका गावातून तक्रारी होत्या, की लाइट गेली की रेंज जाते. कंपनीचा एक अधिकारी पुण्याहून न कळवता सोमवारी भल्या सकाळी टॉवरवर थडकला, तर बॅटऱ्यांची खोली रिकामी. देखभालीचा ठेका ज्याच्याकडे होता त्याचा सुपरवायझर धावत ठाण्यात आला. आधीच्या सोमवारचा फोटो त्याने दाखवला: बॅटऱ्या रांगेत, जागच्या जागी. म्हणजे चोरी मधल्या आठवड्यात झालेली. आणि रविवारी गावकऱ्यांनी टॉवरच्या कुंपणात एका माणसाला पाहिलं होतं. तो टॉवरचा जुना रखवालदार.

गाव त्यांना मामा म्हणायचं. पन्नाशी ओलांडलेले, तीन पिढ्यांपासून गावात असलेल्या ख्रिस्ती घरातले. कंपनीने रखवालदार काढले त्यात यांचंही काम गेलं होतं. घरझडतीत टॉवरच्या खोलीची चावी सापडली आणि मी त्यांना अटक केली.

"चावी तुझ्याकडे कशी?" मी विचारलं. वयाने ते माझ्याहून मोठे होते. पण माणूस आरोपी झाला की आमच्याकडे त्याचं वय संपतं.

"कुनी मागितलीच न्हाई, साहेब. मोबाईलवर मेसेज आला, उद्यापास्नं येऊ नका. मेसेजला चावी कशी देऊ?"

"रविवारी तिथे कशाला गेला होतास?"

"कुंपनात लिंबाचं रोप लावलंय मी. चर्च सुटल्यावर पानी घालाया गेल्तो."

"इकडे बॅटऱ्या गेल्या आणि तू झाडाला पाणी घालत होतास?"

"खोली उघडलीच न्हाई मी."

कोर्टाने सोमवारपर्यंत पोलीस कोठडी दिली. रोज व्यवस्थापकाचा फोन यायचा: "साहेब, मार्च एन्डच्या आत डिटेक्शन झालं ना, तर आमच्या वार्षिक अहवालात घेता येईल. डिजिटल यंत्रणेमुळे चोर सापडला म्हणून!" त्याच्या अहवालाचं मला काय? पण आमच्याही दर महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये उघडकीस आलेल्या गुन्ह्यांची टक्केवारी वाचली जायची आणि माझं ठाणं खालून मोजलं तर लवकर सापडायचं. पडद्यावर तो हिरवा दिवा मला स्वतःला हवा होता.

कोठडीच्या दुसऱ्या दिवशी मी मामांसमोर खुर्ची ओढली. मारहाण केली नाही, हे मी वर्षानुवर्षं मान वर करून सांगत आलो. हळू आवाजात एवढंच म्हणालो, "बाहेर तुझी बायको डबा घेऊन बसली आहे. माल लपवायला तिने मदत केली असं मला वाटायला लागलं, तर तिलाही आत घ्यावं लागेल." मला तसं मुळीच वाटत नव्हतं.

मामांनी दाराकडे पाहिलं. दाराबाहेर चपलांच्या रांगेपाशी त्यांची बायको बसलेली दिसत होती.

"तिला नका आनू," ते म्हणाले. "मी घेतल्या म्हना."

मी लिहून घेतलं. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते. पण टक्केवारीत असते. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली: टॉवरच्या बॅटऱ्या चोरणाऱ्या माजी रखवालदाराची कबुली.

मामांनी मला एकच विचारलं. "सोमवारी सुटंन का, साहेब? नगरला मिशनच्या शाळेत, पोरींच्या वसतिगृहावर रखवालदार म्हनून घेतलंय मला. सोमवारी हजर व्हायचंय."

"बघू," मी म्हणालो.

कबुली होती, पण मुद्देमाल नव्हता. विचारलं की मामा कुठेही बोट दाखवायचे. दोन विहिरी उपसल्या, कडब्याची गंज उलटीपालटी केली. आमचे हवालदार अण्णा, ठाण्यातले सगळ्यांत जुने, वैतागून म्हणाले, "साहेब, आता विचारलंत ना, तर हा माणूस म्हणंल खर्ड्याच्या किल्ल्यात पुरल्यात. अन् आपण कुदळी घेऊन निघू."

रविवारी दुपारी रिमांडचे कागद तयार करताना सुपरवायझरने दिलेला फोटो मी मोबाईलवर मोठा करून पाहत होतो. बॅटऱ्यांच्या काळ्या अंगावर काहीतरी तांबूस होतं. आणखी मोठा केला. ओढलेली बोटं. पिवळी आणि लाल. हळद आणि कुंकू! एका बॅटरीच्या खाचेत वाळलेली झेंडूची पाकळीही अडकलेली. माझी आई दसऱ्याला शिलाई मशीनला, खुरप्याला, माझ्या मोटारसायकलला अशीच बोटं ओढते.

मी कोठडीकडे गेलो. "दसऱ्याला बॅटऱ्यांची पूजा तू केली होतीस?"

इतक्या दिवसांत मामा पहिल्यांदा हसले. "आमी चर्चवाले, साहेब. अन् मला श्रावनातच काढलं की."

मग कोणी केली? कंपनीच्या माणसांनी? कुलूपबंद खोलीत जाऊन? मी व्यवस्थापकाला फोन लावला आणि तिथेही अशीच पूजा झाली का ते पाहावं म्हणून, प्रकरणाला जोडायचं निमित्त सांगून, माझ्या हद्दीतल्या बाकीच्या टॉवरचे त्याच सोमवारचे फोटो मागितले. त्याने अभिमानाने लगेच पाठवले. पहिला उघडला: कुंकवाची बोटं, खाचेत पाकळी. दुसरा उघडला: तीच बोटं, तीच पाकळी. तिसरा, चौथा. मी ओरडलो, "अण्णा! अहो अण्णा, इकडे या!"

अण्णांनी चष्मा वर-खाली करत सगळे फोटो पाहिले. "सगळीकडं ह्याच?"

"सगळीकडे ह्याच. अण्णा, जागा बदलली तरी बॅटऱ्या बदलत नाहीत. बॅटऱ्याच फिरतात!"

ॲपला फसवायला त्यांनी ॲपला हातही लावला नव्हता. ॲप म्हणत होतं टॉवरवर जा. ते जात होते. फक्त बॅटऱ्यांचा एकच संच सोबत नेत होते.

अण्णांनी तिसगावातल्या एका चहावाल्याला फोन लावला. तो आमचा खबऱ्या. "सोमवारी बॅटऱ्यांचा टेम्पो बघितलास का रे कधी?" एवढं विचारायचा अवकाश, तो फिदीफिदी हसायला लागला. "दर सोमवारी की, अण्णा! माझ्याकडंच चहा घेत्यात. डायवर म्हनतो, बॅटऱ्या टूरला निघाल्यात. मला वाटलं कंपनीचंच काम हाय."

सोमवारी सकाळी आम्ही साध्या कपड्यांत त्या चहाच्या टपरीवर होतो. तलाठी आणि ग्रामसेवक पंच म्हणून सोबत. दोघे चार-चार चहा प्यायले, मी रस्त्याकडे पाहत राहिलो. टेम्पो आलाच नाही तर? सुपरवायझर सावध झाला असेल तर? त्या दिवशी कोठडी संपत होती, आणि टेम्पो नाही आला तर कबुली दिलेला माणूस न्यायालयीन कोठडीत, म्हणजे तुरुंगात, जाणार होता.

टेम्पो आला. मागे ताडपत्री, पुढे गोंड्यांची माळ. ड्रायव्हर, एक टेक्निशियन आणि सुपरवायझर स्वतः. चहा पिऊन निघाले. मागे अंतर ठेवून आमच्या मोटारसायकली. कांद्याच्या वावरांमधून कच्चा रस्ता टॉवरकडे जात होता. आम्ही बांधाआड बसून पाहिलं: ताडपत्री निघाली, बॅटऱ्या उतरल्या, आत रांगेत मांडल्या गेल्या, मोबाईल वर झाला, फोटो. परत सगळा माल टेम्पोत. वरातीचं सामान हलवावं तशी सफाई.

"धरायचं?" अण्णा कुजबुजले.

"नाही. एका टॉवरवर धरलं तर म्हणतील दुरुस्तीला नेतोय. दुसऱ्यावर धरू."

दुसऱ्या टॉवरवर फोटो निघाला, माल परत टेम्पोत चढला आणि मी शिट्टी वाजवली. टेक्निशियन जागेवरच बसला. ड्रायव्हर कांद्यातून पळाला. अण्णांनी त्या वयात त्याला वाफ्यावाफ्यांतून असा पळवला, की पोरगं शेवटी पाटात पडलं. सुपरवायझर मात्र हसतमुख. "साहेब, मेंटेनन्स चालू आहे."

मी व्यवस्थापकाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "साहेब, तुमचा पडदा बघा. माझ्या हद्दीत आज किती दिवे हिरवे झाले?"

"दोन, सर! आत्ताच दुसरा झाला. एकदम लाइव्ह!"

"त्या दोन्ही टॉवरच्या बॅटऱ्या माझ्यासमोर एकाच टेम्पोत आहेत."

पलीकडून अगदी बारीक आवाज आला: "सर, अहवाल छापायला गेलाय."

चिखलाने भरलेल्या ड्रायव्हरची मान धरून अण्णा आले. मी विचारलं, "कुंकू कुणी लावलं?"

"दसऱ्याला गाडी पुजली, साहेब. माल गाडीतच हुता. म्हटलं त्यालाबी लावावं. त्याच्यावरच तर पोट चालतंय."

"बरोबर हाय," अण्णा धापा टाकत म्हणाले. "अन् देवीनं बी प्रसाद दिला बघ, बेड्यांचा."

बाकीच्या टॉवरच्या बॅटऱ्या त्यांनी पावसाळ्यापासूनच एकेक करून विकल्या होत्या, कुणाला डीजेसाठी, कुणाला घरच्या इन्व्हर्टरसाठी. पुढचे काही दिवस आम्ही त्या गोळा करत फिरलो. वरिष्ठांनी पाठ थोपटली, पेपरात माझा फोटो आला.

इथपर्यंत मी नेहमी सांगतो.

त्या सोमवारी संध्याकाळी मामा सुटले. मंगळवारी सकाळी मी त्यांना जीपमध्ये बसवून नगरला शाळेत घेऊन गेलो. मी गणवेशात सोबत गेलो की सगळं मिटेल, असं मला वाटत होतं. मुख्याध्यापिका बाईंनी आम्हाला खुर्च्या दिल्या. मामा उभेच राहिले.

"खरे चोर सापडलेत," मी म्हणालो. "यांना अटक गैरसमजातून झाली होती."

बाईंनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बातमी मी वाचली होती. पण त्यात कबुली दिल्याचं होतं. चोरी केली नव्हती, तर कबूल का केलं यांनी?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. माझं उत्तर ऐकायला.

"घाबरला असेल," मी म्हणालो.

"साहेब, इथे मुली राहतात," बाई म्हणाल्या. "घाबरून नको ते कबूल करणारा माणूस मी दारावर कसा ठेवू?"

मामांनी त्यांना नमस्कार केला. बाहेर आल्यावर मी जीपचं दार उघडलं, तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब, एस्टीनं जाईन." तेवढंच. एकही वाकडा शब्द नाही.

या गुन्ह्याने काय शिकवलं, असं तरुण अधिकारी मला विचारतात. मी त्यांना सांगतो, पडद्यावर विश्वास ठेवू नका, जागेवर जा. ते खरंच आहे. पण जागेवर जाऊन मी स्वतःही एक फोटो तयार केला होता, कबुलीचा, आणि त्यावर माझा दिवा हिरवा करून घेतला होता. तो खोटा ठरल्यावरही मी तो फाडला नाही. मामा पुढे कधी भेटले नाहीत. भेटायला मी गेलो नाही, असं लिहिणं जास्त खरं.

बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या खोलीत माहीत होतं. मामा घाबरले नव्हते. बायकोला कोठडीत घालीन, अशी धमकी मी दिली, म्हणून न केलेली चोरी त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली. मी ते सांगितलं असतं, तर वसतिगृहाच्या दारावर असाच माणूस हवा असतो, हे बाईंना आपोआप कळलं असतं. मी खरं बोलायला हवं होतं.