पहिली हाक

ओनोरा गॅरहीने जन्मात कधी पहिल्या हाकेला ओ दिली नाही. आयोवातल्या त्या खेड्यात तिला कुणी बहिरी म्हणे, कुणी माजोरडी. दुसरी हाक मारली की मात्र म्हातारी खेकसे, "मेले नाही अजून! काय हवंय?"

तिची भाची डेलिया आयर्लंडहून आलेल्या आपल्या घराण्याची वंशावळ जुळवत होती. चर्चमागच्या दफनभूमीत तिला एक बुटका दगड सापडला. त्यावर कोरलं होतं, ओनोरा गॅरही, वय चार. आईबापांची नावंही तीच.

"आत्या, तुझं थडगं आधीच बांधून ठेवलंय की गं!" घरी येऊन ती हसत म्हणाली.

"ती थोरली," आत्या बटाटे सोलत म्हणाली. "ती गेली, मग मी झाले. आमच्यात गेलेल्या पोराचं नाव पुढच्याला देतात. चांगलं नाव वाया का घालवायचं? म्हणून पहिली हाक तिची, दुसरी माझी."

तेवढ्यात, भर दुपारी, मक्याच्या शेतातून एका बाईची हाक आली, "ओनोराऽ!"

डेलिया दचकून उठली.

"बस खाली," आत्या म्हणाली. तिची सुरी थांबली नव्हती.

दुसरी हाक आलीच नाही. खिडकीखालून एक कोवळा आवाज म्हणाला, "आले गं आई!"