चार पर्यायांचा प्रश्न

अचलपूरच्या शाळेचं नेमणूकपत्र आलं तेव्हा रुजू व्हायला आठ दिवस होते. त्यातले पाच मी काहीच न ठरवता घालवले. नोकरी कायमची होती. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, त्यामुळे कायमची नोकरी म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण त्याच आठवड्यात अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातून तासिका तत्त्वावर शिकवायला बोलावणं आलं. ते काम वर्षापुरतंच होतं. पण बार्शीटाकळीजवळचं आमचं गाव अकोल्याहून तासाभरावर, आणि अचलपूरहून जायचं तर दोनदा बस बदलून अर्धा दिवस मोडतो. झेंडू आणि शेवंती पिकवून माय-बाबांनी मला शिकवलं. आता ते थकत चालले आहेत, मी जवळ असायला हवं, असं मला वाटत होतं. मायलाही तेच हवं असणार, हे मी धरूनच चालले होते.

तेव्हा मी अमरावतीला राजापेठेत एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत होते. तिथे गणित शिकवणाऱ्या मैत्रिणीने माझा चेहरा पाहून सांगितलं, "वरच्या गल्लीत एक काकू टॅरोचे पत्ते पाहतात. जाऊन ये."

"मी विज्ञान शिकवते," मी म्हणाले.

"मी बी गणितच शिकवतो. दोनदा जाऊन आली."

फोनवर काकूंनी एकच अट घातली. प्रश्न कागदावर लिहून आणायचा, आणि एकच आणायचा. मी रात्रीचं जेवण आटोपून वही घेऊन बसले. चार वर्षं मुलांसाठी सराव परीक्षांचे पेपर काढत होते, त्यामुळे हात आपोआप चालला. 'माझ्यासाठी योग्य काय? (अ) अचलपूर (ब) अकोला (क) क्लासच चालू ठेवणे (ड) यांपैकी नाही.' मला तो प्रश्न फार नेमका वाटला.

काकूंची खोली एका झेरॉक्सच्या दुकानावर होती. त्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या, साधी सुती साडी, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"पेपर काढून आणला का बेटा? चुकलं तर पाव मार्क कापणार का माझा?"

माझे कान तापले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"रागावू नको. लोक येतात, लग्न होईल का, नंबर लागेल का. हो किंवा नाही, एवढंच. तू तर चार उत्तरं छापून आणली. मग पत्त्यांना बोलायला जागा कुठं ठेवली?"

मी दुसरा प्रश्न विचारला. "बरं, मी अचलपूरला गेले तर माय दुखावेल का, ते सांगा."

"तुझी माय या खोलीत आहे का?"

"नाही."

"मग तिच्या मनातलं मी इथं बसून कसं काढू? तिला विचारलं का तू?"

दोन्ही नोकऱ्यांचं घरी फोनवर कळवलं होतं, पण विचारलं काहीच नव्हतं. आमच्या घरी असं काही विचारतच नाहीत. एकमेकांचं ओळखून घ्यायची रीत आहे. बारावीनंतर मला अमरावतीला शिकायचं होतं, तेव्हा मी तोंडाने कुणाला काही म्हटलं नाही. प्रवेशाचा अर्ज पिठाच्या डब्यावर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तो तिथेच होता, खाली बाबांची सही होती. त्यावर घरात एक अक्षर कुणी बोललं नाही. एवढं सगळं न बोलता जमत आलेलं, म्हणून मायच्या मनातलंही मला कळतं असा माझा भरवसा होता.

हे मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "चांगली रीत आहे. पण तिच्यात चूक झाली तर कळणार कशी?" मग कागद उलटा करून माझ्यापुढे सरकवला. "असा प्रश्न लिही की ज्यात काही करायचं असेल तर ते तुलाच करावं लागेल."

मी दोनदा लिहून खोडलं. खाली कुणी तरी स्कूटरचा हॉर्न दाबून धरला होता. शेवटी लिहिलं, 'अकोल्याला राहायचं म्हणताना मी काय टाळते आहे?'

काकूंनी पत्ते पिसून एक माझ्यासमोर ठेवला. "अर्थ मी नंतर सांगीन. आधी तुला काय दिसते?"

"फुलं. पेले भरून फुलं आहेत. मोठं मूल लहान मुलीला एक पेला देतं आहे."

"आणि ती मुलगी?"

मी बराच वेळ चित्र पाहिलं. "ती घेते आहे. पण तिला हवा होता की नाही, हे तिला कुणी विचारलेलं दिसत नाही."

बोलून गेल्यावर मलाच ते ऐकू आलं. काकूंनी अर्थ सांगितलाच नाही. पत्ता उचलला आणि म्हणाल्या, "उद्या सुट्टी घे. गावी जा."

दुसऱ्या दिवशी मी गेले. बाबा शेतात होते. माय ओसरीवर झेंडूचे हार ओवत होती. मीही सुई घेऊन शेजारी बसले.

"माय, एक विचारू?"

"विचार नं. कावून एवढी घाबरून राहिली?"

"मी अकोल्यात राहिली तं तुले माझ्यापासून काय पाहिजे?"

तिची सुई थांबली. "मले? मले काय पाहिजे? काई नाई."

क्लासमध्ये मी मुलांना विचार करायला अर्धा मिनिटही देत नसे. त्या दिवशी गप्प बसले. तिचा एक हार पुरा झाला, दुसरा अर्ध्यावर आला.

मग ती म्हणाली, "खरं सांगू? तू दर शनवारी आली तं माहं काम बुडते. तुह्यासाठी रांधा, तुले बसवा. वरून शेजारच्या बाया येतात मॅडमले पाहाले. दर आठ दिवसाले कोनाले जमते ते?"

मी हसत सुटले. "अन् अचलपूरले गेली तं?"

"तं मी येईन! आता बायायले अर्ध तिकीट हाय. तुह्या बाबाले सांगीन, पोरीकडे जाऊन येतो. तिकडून चिखलदरा जवळ हाय म्हनते. मले एकदा तो डोंगर पाहाचा हाय."

मायला डोंगर पाहायचा आहे, हे मला माहीतच नव्हतं. "कधी बोलली नाई तू!"

"कोनं विचारलं?" तिने दोऱ्याला गाठ मारली. "अन् तो एका वर्साचा अकोला सोड. कायमची नोकरी टाकून आली तं तुहे बाबा तोंडानं काई म्हननार नाई. नुसते झेंडूत जाऊन बसतीन, अन् मग मलेच त्यायले जेवाले बोलवत फिरा लागन."

पत्त्यांना काही कळतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. काकूंचे उपकार मात्र मी मानते. त्यांनी माझं भविष्य सांगितलं नाही, प्रश्न दुरुस्त करून दिला. पुढे मी पेपर काढताना एक तरी प्रश्न बिनपर्यायाचा ठेवू लागले. मुलं कुरकुरतात.

आठव्या दिवशी मी रुजू व्हायला निघाले तेव्हा माय सोबत आली. शाळेच्या कार्यालयातल्या क्लार्क बाबूंनी आम्हां दोघींना खुर्च्या दिल्या आणि माझे कागद चाळत मायला विचारलं, "मावशी, मॅडम इथं टिकतील ना? का लगेच बदलीच्या मागं लागतील?"

"मले काय विचारता?" माय म्हणाली. "ते बसली नं तुमच्या समोर. तिले विचारा."

बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "राहीन," आणि हजेरीपटावर सही केली.