बुकबाइंडरच्या गाडीचा नाद

नाद हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. कानाने ऐकायचा तोही नाद, आणि माणसाच्या मानगुटीवर बसतो तोही नादच. ज्याची ही हकीकत, त्या बुकबाइंडरच्या घरी हे दोन्ही नाद एकाच गाडीत बसून आले.

त्याचे सारे आयुष्य जिन्याखालच्या एका अरुंद खोलीत, पुठ्ठे, खळ आणि दोरा यांच्या सहवासात गेले. लोक त्याला नुसते बाइंडर म्हणत, आणि कालांतराने बायकोचे माहेरही तेच म्हणू लागले. पत्नी दारात येऊन काही सांगू लागली की याच्या दातांत दोरा असे. मग तो डावा हात उंचावून खूण करी: नंतर. ते नंतर वर्षानुवर्षे साठत गेले. बोटे आखडू लागली तेव्हा त्याने दुकान बंद केले आणि एक जुनी गाडी घेतली, गोल दिव्यांची, लांब नाकाची, त्यांच्या संसाराहूनही वयाने थोरली. हेतू एकच होता. पत्नीला शेजारी बसवायचे, रस्ता नेईल तिकडे जायचे आणि तिचे राहिलेले सगळे ऐकायचे.

परंतु तोवर तिचेच कान थकले होते. कानामागे एक यंत्र आले. त्या यंत्राला विवेक म्हणून नाही. नवऱ्याचे बोलणे आणि इंजिनाची गर्जना, दोन्ही ते सारख्याच निष्ठेने वाढवून देते.

पहिल्याच फेरीत तिने गाडी थांबवायला लावली.

"अहो, यंत्र घातलं की तुमची गाडी डोक्यात शिरते, आणि काढलं की तुम्ही नुसते मासळीसारखे तोंड हलवताय. मी बसनं जाते."

आणि ती खरोखरच बसने जाऊ लागली. लेक शेजारच्या शहरात राहत असे. तिच्याकडे जायचे म्हणजे पुढे बस, आणि बसच्या मागोमाग रिकाम्या शेजारच्या सीटसह हा. मागल्या काचेतून ती कधी हात हलवी, तेवढाच संवाद.

पत्नीच्या धाकट्या भावाचे गॅरेज होते. तो म्हणाला, "भाऊजी, एवढं जुनं इंजिन, ते बोलणारच. ऐका माझं, विकून मोकळे व्हा. हा नाद सोडा."

"गाडी विकायची नाही," बाइंडर म्हणाला, "आणि तुझ्या ताईनं मधेच उतरायचंही नाही."

"मग काय करणार?"

"गाडीला गप्प बसवणार. जागा दे आणि पाने दे. मध्ये बोलू मात्र नकोस."

प्रत्येक विद्या माणसाला एक गुण देते आणि त्याच मापाने एक आंधळेपणही देते. बाइंडरचा गुण घट्टपणा. शिवण घट्ट, दाब घट्ट, कोपरा घट्ट. जे हलते तेच वाजते, असा त्याचा सिद्धान्त. त्याला अनुसरून त्याने गाडीची बांधणी आरंभली. पायाखालचा पत्रा, दारे, आणि इंजिन व बैठक यांच्यामधला उभा पत्रा यांवर त्याने जाड लोकरी नमदा असा चिकटवला की खाली हवेचा फुगा औषधालाही सापडू नये. ज्या रबरी गाद्यांवर इंजिन टेकते त्या वयोमानाने खचल्या होत्या. त्यांच्या जागी त्याने चामड्याच्या चकत्या, एकावर एक चिकटवून आणि बाइंडिंगच्या शिकंज्यात दाबून लाकडासारख्या कठीण केलेल्या, बसवल्या. धुराची नळी खाली लोंबत होती. ती तारेने गाडीच्या सांगाड्याशी आवळली. सगळे नट अंगातले बळ संपेतो पिळले. खडखडाट गेला. त्याने समाधानाने हात पुसले आणि पत्नीला बोलावणे धाडले.

ती आली, यंत्र लावले, शेजारी बसली. त्याने किल्ली फिरवली. क्षणभर ती ऐकत राहिली आणि मग दार उघडून उतरली.

"काय झालं? खडखड गेली ना?"

"गेली. पण आधी नुसती ओरडत होती, आता कण्हतेय. माझ्या दातांपर्यंत घुमतंय हो."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. सीटमधून, दारातून, स्टिअरिंगमधून एक जड घुमारा येत होता, जणू सबंध गाडीच इंजिन झाली होती. मेहुणा दुसऱ्या गाडीखाली होता. त्याचे फक्त पाय दिसत होते, आणि ते पाय हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी खिडकीपाशी पत्नी वाचत बसली होती. पुस्तक सारखे मिटत होते. तिने एका पानावर चष्म्याचे घर ठेवले होते, दुसऱ्यावर कोपर.

"कुणी बांधलंय हे?" त्याने कपाळाला आठी घालून विचारले.

"तुम्हीच! लग्नानंतरचं पहिलं. इतकं घट्ट बांधलंत की वाचायला दोन माणसं लागतात."

त्याने ते हातात घेतले. पाठ आणि पुठ्ठा यांच्यामध्ये जी बारीकशी मोकळी खाच सोडावी लागते, ती नव्हतीच. तरुण हातांनी तिथेही खळ भरली होती. त्या खाचेचे मर्म कळायला त्याला पुढे किती पुस्तके बिघडवावी लागली होती! पुठ्ठा पानांना सांभाळतो, कारण तो त्यांना एका जागी मोकळे सोडतो.

पुस्तक तिच्या मांडीवर ठेवून तो तसाच पायांत चपला सरकवून निघाला.

"अहो, चहा?"

"आलोच!"

गॅरेजात गाडी वर उचलली गेली. चामड्याच्या चकत्या पाहून मेहुण्याने कपाळावर हात मारला. "भाऊजी, लोक इंजिन बसवतात. तुम्ही बाइंडिंग केलंत!"

"हसून झालं असेल तर रबर शोध. मऊ पाहिजे. इंजिनाचा हादरा इंजिनापाशीच जिरला पाहिजे."

त्या गाडीच्या रबरी गाद्या बाजारातून केव्हाच नाहीशा झाल्या होत्या. दुसऱ्या एका गाडीच्या मिळाल्या, त्यांची भोके जुळेनात. बाइंडरने कानशीने तिथल्या तिथे गाद्यांच्या लोखंडी पट्ट्यांची भोके वाढवली, बसवली, काढली, पुन्हा बसवली. आखडलेली बोटे संध्याकाळी वाटी धरीनात, तरी दुसऱ्या दिवशी तो हजर. धुराची नळी तारेतून सोडवून रबरी कड्यांत टांगली. मधल्या पत्र्यावरचा नमदा खरवडून काढला, आणि नवा नुसता वरच्या कडेला अडकवून पडद्यासारखा सोडला. आपण चिकटवलेले आपल्याच हाताने उखडणे हे कोणाही कारागिराला जिव्हारी लागते. तोही करवादला, पण थांबला नाही.

शेवटी तरीही एक तीक्ष्ण शिट्टी उरली. त्याला ती ऐकूच येत नव्हती. मग पत्नीच येऊन बसली. इंजिन चालू ठेवून तिने डोळे मिटले. ज्या यंत्राने तिला या गाडीतून उतरवले होते, तेच आता शोध घेऊ लागले.

"डावीकडे. खाली. नाही, तुमच्या पायापाशी."

तिथे क्लचची केबल ज्या भोकातून आत येते, त्याचे रबरी बूच तडकले होते. नवे बसताच तिने डोळे उघडले, पण निकाल दिला नाही.

"स्टँडपर्यंत येते," ती एवढेच म्हणाली. "पिशवी बरोबर घेतेय. नाही जमलं तर तिथून बस."

निघाले. गाडी मुकी झाली नव्हती. बोनेटखाली इंजिन आपले पुटपुटत होते, जसा एखादा वृद्ध पलीकडच्या खोलीत स्तोत्र म्हणत असावा. बाइंडरने तिच्याकडे पाहायचे कटाक्षाने टाळले. चौक गेला, चढ गेला. स्टँडवर लेकीच्या गावची बस उभी होती, कंडक्टर दारात होता. बाइंडरने गाडी कडेला घेतली.

"उतरतेस का?" तो ओरडला. दोन प्रवाशांनी वळून पाहिले.

"ओरडता कशाला?" ती म्हणाली. "ऐकू येतंय मला. चला पुढं. आणि आता हात वर करून खुणा करायच्या नाहीत, लेकीचं घर येईपर्यंत मी बोलणार आहे."

त्याने गाडी बसच्या पुढे काढली.