अक्काचा अडकित्ता

अक्का गेली त्या दिवशी डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "बीपीच्या गोळीत खंड पडला होता का?" मी नाही म्हणालो, आणि ठामपणे म्हणालो. आता महिना उलटला, पण तो ठामपणा मला खातो आहे.

माझी ही थोरली बहीण जळकोटला एकटीच राहायची. मूलबाळ नव्हतं. दाजी झेडपीच्या शाळेत शिपाई होते, त्यांच्यामागं तिला पेन्शन मिळायची. महागाई भत्ता वाढला, की अक्का त्या वाढीला नाव द्यायची. एक वाढ गॅसची, एक दुधाची. एकदा वाढ इतकी किरकोळ निघाली, की तिनं ती चहापत्तीला लावली, आणि दोनच महिन्यांत चहापत्ती महागली. फोनवर आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.

यंदा हसण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टरांनी नवी, महागडी गोळी दिली होती आणि अक्का ती दाजींच्या अडकित्त्यानं कातरून अर्धीच घेत होती. मी चिडलो. पैसे देतो म्हणालो.

"तुझंच कुठं भागतंय? भत्ता वाढला की आख्खी घेते. आता येईल ती गोळ्यांची वाढ."

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो, म्हणजे माझी पेन्शन केंद्राची, अक्काची राज्याची. केंद्राचा भत्ता आधी वाढतो, राज्याचा मागाहून, कधी कधी महिने जातात. हे मला पाठ होतं. तरी पेन्शनरांच्या ग्रुपवर 'राज्यातही लागू' असं आलं आणि मी उतावळ्यानं खातरजमा न करता फोन लावला.

"अक्का, वाढला भत्ता."

"व्हय? मग आजपासून आख्खी."

आठवड्याभरात कळलं, बातमी खोटी होती. फोन हातात घेतला... आणि खाली ठेवला. कुठल्या तोंडानं सांगणार? आज ना उद्या जीआर निघेल, अशी स्वतःची समजूत घालत राहिलो. मग तिचाच फोन आला.

"खात्यात काय आलं न्हाय रं अजून."

"येईल की, फरकासकट येईल."

"लई वेळ लावलाय बघ."

गोळ्या आहेत का, एवढंच विचारायचं होतं. विचारलं असतं तर खरं सांगावं लागलं असतं. मी भ्यालो.

दहाव्याच्या दिवशी तिचा औषधाचा डबा उघडला. आत पाकिटं रिकामी होती, आणि एका पुडीत चार तुकडे होते. अर्ध्याचेही अर्धे केलेले. माझ्या शब्दावर काही दिवस आख्ख्या गोळ्या खाल्ल्या, ते भरून काढायला बाई पुढं पाव गोळीवर राहिली होती. डॉक्टरांना मी खोटं सांगितलं होतं.

परवा वाढ लागू झाली. या वेळी खरी. जीआर तीनदा वाचला आणि सवयीनं अक्काचा नंबर काढला... मग फोन बाजूला ठेवला.

अडकित्ता माझ्या टेबलावर असतो. त्याच्या पात्याला अजून पांढरी भुकटी आहे. बायको दोनदा पुसायला निघाली होती. मी हात लावू दिला नाही.